नमुना तीन

दुकानाच्या कॅटलॉगात एवढंच आहे:
‘नमुना तीन. मूठ शिसवी.
ताहेरअली बंदूकवाला आणि पुत्र, अब्दुल रहमान स्ट्रीट.’
त्यात दाजी मेस्त्री नाही,
आणि माझी आई तर नाहीच नाही.

एक नंबर बेल्जमी होतं, म्हणजे नक्कल.
कुणा कंत्राटदाराचं पिस्तूल दुरुस्तीला आलेलं,
बाबांनी आठ दिवस ते खोलून ठेवलं,
जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर एकेक पुर्जा काढला
केसाएवढ्या रेघेनं,
आणि पुन्हा जोडून साळसूदपणे परत केलं.
पोलाद दारूखान्यातलं.
नाव दारूखाना, माल सगळा भंगार,
मोडलेल्या बोटीचा दांडा शेराच्या भावानं मिळे.
स्प्रिंग ग्रामोफोनची.
शेठ म्हणाले, मेस्त्री, झकास.
तिसऱ्या बाराला नळी फाटली.
बाबांचा उजवा अंगठा पेरापासून गेला,
आणि शेठनी जे.जे.चा खर्च पगारातून कापला नाही
हे बाबा मरेपर्यंत सांगत.

दोन नंबर फुटलं नाही. एवढंच.
मुसळासारखं जड,
बार काढला की नळी आढ्याकडे बघायची.
गिऱ्हाईक हातात घ्यायचं, तोलायचं, चहा पिऊन जायचं.
बाबा म्हणायचे, लोखंडाचं चुकत नाहीये, मुठीचं चुकतंय.
पण मूठ मोजायची कशानं?
त्यांच्या हाताला चार बोटं आणि एक खुंट.

मग ती रात्र, माझगावची खोली, मी सात वर्षांची.
आई परातीत तांदळाची उकड मळत होती.
बाबा म्हणाले, थांब. मुटका वळ.
हातातच ठेव. आवळू नकोस.
आडावर रहाटाचा दोर धरायचीस ना, तसा धर.
आई हसली.
तिच्या माहेरच्या आडाची मुंबईत कुणी चौकशी केली नव्हती.
उकड वाफाळत होती, तिला भाजत नसे.
बाबांनी तिची बोटं एकेक करून सोडवली,
लग्नात सुपारी सोडवतात तशी,
आणि मुटका फळीवर वाळत ठेवला.
त्या रात्री भाकरी एक कमी झाली.

मुटक्यावरून प्लास्टर, प्लास्टरवरून पितळ, मग शिसव.
करंगळीची खाच जरा वाकडी आली.
आईची करंगळी लहानपणी जात्यात सापडलेली.
बाबांनी ती तशीच ठेवली.

तीन नंबर चाललं.
सराफ, पेढ्यांचे रखवालदार,
घोड्यांच्या नादातला एक छोटा संस्थानिक,
हातात घेतलं की म्हणत, जन्मापासूनचं वाटतं.
शेठनी बाबांना घड्याळ दिलं.
आईला काही नाही, तिचा काय संबंध.

तीन वर्षांनी सेशन कोर्टाचं समन्स.
मुद्देमालाला चिठ्ठी बांधलेली, नंबर घासून काढलेला.
वकील म्हणाला, ओळखा.
बाबांनी नळी बघितली नाही, घोडा बघितला नाही,
डोळे मिटून
करंगळीच्या खाचेत करंगळी घातली.
‘माझंच काम.’
कुणाचा खून, ते आम्हाला सांगितलं नाही.
घरी येऊन पानावर बसले.
आईनं भाकरी वाढली,
ते तिच्या हाताकडे बघत राहिले,
आणि ती म्हणाली, काय झालं, पीठ लागलंय का?

चार नंबर बाबांनी शाळांच्या शर्यतींसाठी केलं,
नुसता आवाज करणारं.
मूठ सरळ, विळ्याच्या दांड्यासारखी,
कुणाच्याच हाताची नाही.
शेठच्या मुलानं तीन नंबर चालूच ठेवलं.
साचा दुकानाचा होता.

आईनं आयुष्यात पिस्तूल धरलं नाही.
तिचा हात किती जणांनी धरला
तो हिशेब मी केव्हाच सोडला.
भाकऱ्या करते अजून.
मुटका वळला की लगेच थापते.
मध्येच दारावर कुणी आलं
तर आधी थापते, मग उघडते.